चेहऱ्याआधीचा वास

॥ श्री ॥

तंजावर,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. शांभवीला अक्काचे आशीर्वाद.

तुझी पेटी बेंगळुरूहून पोचली. इकडे पोंगल पार पडला. ऊस सोलून खाण्याच्या हट्टापायी ह्यांची दाढ दुखते आहे, बाकी सगळं जागच्या जागी आहे. आता फोन सोडून हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस, आणि मग तू, मी, तुझ्या अखिलाच्या सासूबाई आणि त्यांचा कुकर असे चौघं मिळून बोलतो. शिवाय अप्पांनी आपल्याला मारूनमुटकून शिकवलेली ही देवनागरी त्या घरात तुझ्याशिवाय कोणालाच वाचता येत नाही. अप्पांचे कष्ट कधी तरी कामी येऊ देत.

पेटीतल्या सुगंधी तेलांच्या सहाही बाटल्या न फुटता आल्या. वाफ सोडणारं ते पांढरं यंत्रही चालतं. ह्यांनी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यांना वाटलं, ताकद कमी असलेलं डास मारायचं यंत्र आहे. तुमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्या बाईंनी दोन दिवस शिकवलेलं तू सविस्तर लिहिलंस. वासानं डोकं मोकळं होतं, नवं सुचतं, एका कामाला एकच वास ठेवायचा, दुसऱ्या कशाला तो वापरायचा नाही, मग वास आला की हात आपसूक चालायला लागतो. सगळं वाचलं. पटलंही. फक्त हे तू मला सांगावंस, याचं थोडं हसू आलं.

बाळकृष्णराव सर तुला आठवत असतील. मी त्यांच्याकडे चित्रं शिकायला जायचे आणि तू माझ्याबरोबर त्यांच्या घरचं सुंडल खायला यायचीस. विजेचं यंत्र नव्हतं, पण सरांची रीत तीच होती. फळीवर कापड चिकटवणं, खडूडिंकाचा उठाव, सोन्याचा वर्ख, खडे, रंग, हे सगळं कधीही करा. देवाचं तोंड काढायच्या आधी मात्र त्या देवाचा वास घरात हवा. लक्ष्मीला हळद आणि केवडा, रामाच्या पट्टाभिषेकाला कापूर आणि तुळस, गणपतीला चुलीवर शिजणारं गूळखोबरं, शंकराला भस्म आणि बेल. एकदा शंकराचं तोंड काढायच्या दिवशी मी वेणीत केवडा माळून गेले. शंकराला केवडा वर्ज्य, हे लहान पोरालाही माहीत असतं. सर रागावले नाहीत. मला दिवसभर व्हरांड्यात बसवून चिंचोक्याची खळ घोटायला लावली, आणि त्या दिवशी केसांत केवडा घालून घोटलेली खळ मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा तुझ्या बाटल्यांना मी नावं ठेवत नाही. सगळ्या करून बघीन आणि कळवीन.

तू मागितलेला बाळकृष्ण सुरू केला आहे. दोन वीत उंचीचा, लोण्याच्या घटाशी बसलेला, गुटगुटीत. फळी तयार झाली, कापड बसलं. खळीच्या आंबट वासानं शेजारच्या राममूर्तींनी विचारलं, घरात काही नासलं आहे का. मी म्हटलं, नाही, देव बसवते आहे.

होमाची तारीख कळली. अखिलाच्या बाळाचा आयुष्यहोम म्हणजे पहिलं वर्ष पुरं झालंच म्हणायचं. 'प्रवासाची दगदग करून घेऊ नकोस, चित्र तेवढं वेळेवर पाठव, व्याह्यांकडची माणसं फार शास्त्र पाहणारी आहेत, गर्दीही होईल' असं तू लिहिलंस. बरं. बाळाला बघायला येते म्हटलं, तर आधी चाळीस दिवस होऊ देत म्हणालीस. मग इंजेक्शनांचा ताप होता. मग दात येत होते. दात एव्हाना आले असतील.

ह्यांचा नमस्कार. अखिलाला सांग, तिनं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. मुलगा आपल्या अप्पांसारखा कपाळाला आठ्या घालतो.

तुझी,
अक्का

.

तंजावर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शांभवीस,

तुझं उत्तर आलं नाही, पण व्हॉट्सॲपवर अंगठा आला, त्यावरून पत्र पोचलं असं धरते. शेतांत कापणी चालू आहे. पापनाशमहून येताना बसच्या खिडकीतून पेंढ्याचा इतका वास येतो, की त्याचीच बाटली भरावी.

कबूल केल्याप्रमाणे बाटल्यांचा हिशोब देते. पुदिना लावला आणि तोंड काढलं, तर कृष्ण कॉलेजात जाणारा दिसायला लागला, हुशार आणि आगाऊ. खरवडून टाकला. लिंबाच्या वासानं मला सारखी घासायची भांडी आठवत होती. लव्हेंडरनं मी कुंचला हातात धरूनच झोपले, ह्यांनी येऊन रंगाची वाटी बाजूला केली. रोझमेरी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, पण त्याचा कृष्णाशी काही संबंध नाही. चंदनानं तोंड बरं उतरलं, पण ते मूल नव्हतं, लहान आकाराचा म्हातारा होता. सहावी बाटली जंगलाची. तिचं झाकण मी उघडून परत लावलं.

बाटल्यांचा दोष नाही. त्या बाईही खोटं सांगत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बाळकृष्णाची रीत मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती. विसरले नव्हते. लोणी कढवायचं, तूप उतरताना त्यात शेवग्याचा पाला टाकायचा, हा अर्धा भाग. तो मी केला. तूप चांगलं झालं, ह्यांनी गरम भातावर घालून संपवलं. दुसरा अर्धा भाग असा, की सर कोणाचं तरी तान्हं मूल मांडीवर घ्यायचे, त्याच्या टाळूवर नाक टेकवून बसायचे आणि मग त्याला परत देऊन कुंचला उचलायचे. त्यांच्या घरात सुनांची, लेकींची बाळंतपणं चालू असायची, म्हणून मुलं शोधायला जावं लागत नसे.

मला जावं लागलं नाही, कारण तू बाळंतपणाला इकडे अप्पांच्या घरी आलीस. तुमच्या हॉलमध्ये जो कृष्ण टांगलेला आहे तो अखिलाच्या टाळूचा आहे. तू दुपारी झोपायचीस आणि ती माझ्याजवळ असायची. वेखंड, एरंडेल, आंबूस दूध आणि त्याखाली आणखी काहीतरी, त्याला नाव नाही. त्यानंतर मी जितके बाळकृष्ण काढले, लोकांनी वाखाणले, ते सगळे त्या एका वासावर काढले. इतकी वर्षं तो पुरला. आता आठवायला गेलं तर वेखंड आठवतं, एरंडेल आठवतं, त्याखालचं काही येत नाही.

म्हणून मी एक वेडेपणा केला, तोही सांगून टाकते. ह्यांचं एक जुनं मऊ धोतर फाडलं. बाजारातून वेखंड आणलं, ते दिव्यावर जाळून उगाळलं. बाळाची पावडर, खोबरेल, दुधाचे दोन थेंब. सगळं त्या फडक्याला लावलं, वर सांब्राणीची धुरी दिली, आणि ते गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. वास बऱ्यापैकी जमला होता. एवढ्यात हे बाहेरून आले. चपला काढता काढता दारातच थांबले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "कोण आलं आहे?"

शांभवी, ह्या घरात चाळीस वर्षांत तो वास कधी आलेला नाही. त्यांचा चेहरा उजळलेला होता. मग त्यांनी माझ्या मांडीवर पाहिलं. चपला परत घातल्या आणि मोपेड घेऊन कुठेतरी गेले. परत आले तेव्हा जुईच्या कळ्या आणि कॉफीची पूड घेऊन आले, आणि आम्ही कॉफीबद्दल बोललो.

फडकं मी धुऊन टाकलं.

बांगड्यांबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. मी आजही बोलत नाही. पण तू मला प्रवासाची दगदग नको म्हणतेस तेव्हा तुला काय म्हणायचं असतं ते मला ऐकू येतं, एवढं तुला माहीत असू दे.

चित्राची काळजी करू नकोस. वेळ आहे.

तुझी,
अक्का

.

तंजावर,
३ मार्च २०२५

चि. सौ. शांभवीला,

अखिलाचा फोन आला होता. तिनं तुला सांगितलं असेल किंवा नसेल. मी शिडीवर उभी राहून माळ्यावरचा पितळी डबा काढत होते, तशीच उभ्यानं बोलले.

"मावशी, तुझे गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं.

"माझे गुडघे? का गं?"

"अम्मा म्हणाली, तुला दोन पायऱ्या चढवत नाहीत. ट्रेन नक्को म्हणालीस म्हणे. इथे सासूबाई रोज विचारतात, हॉलमधला कृष्ण ज्यांनी काढला त्या येणार ना, त्यांना बघायचं आहे. मी कार पाठवू? तुझे जावई मुरलीकृष्ण स्वतः येतील न्यायला."

मी म्हटलं, "बरे आहेत गुडघे. कळवते." मग शिडीवरून उतरले. सावकाश, कारण आता पडले असते तर तुझं बोलणं खरं झालं असतं.

म्हणजे व्याह्यांकडची माणसं शास्त्र पाहत नाहीत. ती माझी वाट पाहतात. शास्त्र तूच पाहते आहेस.

मला राग आला. दोन दिवस आला. ह्यांनी विचारलं तर मी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून रागावले आहे असं सांगितलं, आणि मीठ खरंच जास्त झालं होतं. मग राग उतरला आणि दुसरं काहीतरी वर आलं, ते लिहिते. अखिलाच्या पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यातल्या वळैकाप्पूच्या दिवशी बायका तिच्या हातांत बांगड्या भरत होत्या. मी स्वयंपाकघरातच थांबले होते. आपल्याला मूल नाही, आपण अशा वेळी पुढे होऊ नये, हे मला कोणी सांगावं लागत नाही. अखिलानं मला हाताला धरून बाहेर नेलं आणि म्हणाली, मावशीच्या हातून होणार नाहीत तर मला बांगड्याच नकोत. हिरव्या होत्या. मी भरल्या. पुढच्याच महिन्यात पोटातलं ते मूल गेलं.

तू मला काही बोलली नाहीस. त्या वेळी मला वाटलं, किती मोठ्या मनाची आहे माझी बहीण. पण तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. आपण भांडलो असतो, रडलो असतो, आणि ह्या बाळाला मी एव्हाना मांडीवर घेतलं असतं. त्या दिवसांत मीही माझ्या हातांकडे पाहत बसायचे, म्हणून तुझी भीती मला परकी नाही. पण दवाखान्यात डॉक्टर सांगत होते तेव्हा तू आणि मी शेजारी बसलो होतो. नाळेत दोष होता. बांगड्यांत नव्हता. तुला ते त्या दिवशी कळलं होतं आणि आजही कळतं. तरी मला लांब ठेवून तुला रात्री झोप येत असेल, तर ते औषध माझ्या जिवावर चाललं आहे.

आता चित्राचं सांगते.

आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर सेल्वी कदंब विकते, दवणा, मरवा, अबोली, कण्हेर घालून विणलेली ती माळ. सकाळी देवासाठी हातभर आणि माझ्या केसांना वीतभर, हा आमचा रोजचा व्यवहार. तिची लेक बाळंतपणाला आलेली आहे. दोनएक आठवड्यांपूर्वी मी गेले तेव्हा सेल्वीच्या फुलांचा गठ्ठा बसमधून उतरायचा होता, लेक दवाखान्यात होती आणि नातू फुलांच्या टोपलीत, केळीच्या ओल्या सोपटांवर पडून बोंबलत होता. सेल्वीनं त्याला उचललं आणि माझ्यापुढे केलं. "अम्मा, कोंजम पुडिंगो," म्हणाली. जरा धरा.

मी हात मागे घेतले. मी तिला म्हटलं, "सेल्वी, मला मूल नाही. तुला माहीत आहे ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बस हॉर्न वाजवत होती. "मग हात रिकामेच आहेत की," म्हणाली, आणि मूल माझ्या अंगावर ठेवून पळाली.

मी तिच्या स्टुलावर बसले. मुलानं आधी माझ्या पदरावर सोडायचं ते सोडलं, मग गप्प झालं. मी टाळूवर नाक टेकवलं. वेखंड नव्हतं, पावडर नव्हती. दवणा होता, केळीच्या सोपटाचा ओलसर वास होता, आणि त्याखाली ते होतं. शांभवी, मला रडू आलं. भर बाजारात, एका गिऱ्हाइकाला मी रडत रडत अबोलीचा भाव सांगितला, आणि तो चुकीचा सांगितला.

घरी आले, पदरही बदलला नाही. तोंड एका बैठकीत उतरलं. डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे असतात, तेही उघडले. सरांना दाखवावं असं झालं आहे. पण तो तुमचा कृष्ण नाही. नाक जरा बसकं आहे, खालचा ओठ पुढे आलेला आहे आणि लोणी कोणी काढून घेईल अशा संशयानं तो बघतो आहे. हुबेहूब सेल्वीचा नातू. हे म्हणाले, "आत्तां हा बेंगळुरूला कसा जाईल? ह्याचं घर कोपऱ्यावर आहे." मलाही तेच वाटत होतं. मी काच लावून घेतली आणि नेऊन दिला. सेल्वीनं तो न्याहाळला, पायातले तोडे अजून जाड हवे होते असं म्हणाली, आणि टोपलीतली सगळ्यात मोठी माळ काढून त्याला घातली.

त्यानंतर मी तुमच्यासाठी दुसरी फळी केली. रात्रंदिवस बसले असं म्हणणार नाही, पण बसले. उठाव, वर्ख, खडे, लोण्याचा घट, मोरपीस, गादी, पडदे, सगळं पुरं झालं आहे आणि पहिल्यापेक्षा चांगलं झालं आहे. तोंडाची जागा मात्र कोरी आहे. ती मी मुद्दाम कोरी ठेवली. उद्या फळी कुरिअरनं निघेल, होमाच्या आधी तुझ्या हातात पडेल. तुझ्या बाटल्या आणि ते यंत्रही त्याच खोक्यात घालते आहे. अखिलाला दे, तिला ऑफिसात उपयोग होईल. माझं काम त्यांवर भागत नाही.

होमाला आलेली माणसं विचारतील, ह्या देवाला तोंड का नाही. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. अखिला विचारेल तेव्हा मात्र खरं सांग. माझ्या गुडघ्यांचं नाव घेऊ नकोस, ते ठणठणीत आहेत. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती तुझी लेक आहे, हे तुझ्या तोंडून निघालं पाहिजे.

मी रंगांची डबी भरून ठेवली आहे, बारीक कुंचले धुऊन पुसून ठेवले आहेत. तोंड काढणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. होमाच्या दिवशी बोलाव, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलाव, मी मानपान बघणार नाही. आधी मूल मांडीवर दे, मग मी कुंचला उचलीन. नाहीच बोलावलंस तर फळी तशीच भिंतीवर लाव. रोज येता-जाता दिसेल.

ह्यांचा तुला आशीर्वाद, अखिलाला आशीर्वाद. बाळासाठीचे आशीर्वाद मी पत्रातून पाठवत नाही. ते टाळूवर हात ठेवून द्यायचे असतात.

तुझी अक्का,
वासुकी